घाईच्या हाताला दुःख रंगवता येईना: एका चित्रकर्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या चित्रकर्ती गेली वीसेक वर्षं तैलरंगात काम करतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कामाची पद्धत, तिथे आलेली अडचण आणि त्यावर घेतलेले निर्णय मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत. त्यांच्या एका प्रदर्शनाच्या कॅटलॉगचा मजकूर मी लिहिणार होतो. त्यामुळे वर्षभर स्टुडिओत जाणं-येणं राहिलं आणि चित्रं अर्धवट, फसलेली, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असतानाही पाहायला मिळाली.

त्यांची पद्धत ठरलेली होती. मोठा कॅनव्हास, आधी रेखाटन नाही, रंग ट्यूबमधून थेट आणि पॅलेट नाइफने (रंग लावायच्या बोथट सुरीने) ओल्यावर ओला जाड थर. चित्र एका बैठकीत संपलं पाहिजे. रंग वाळला की त्याला पुन्हा हात लावायचा नाही. यामागची त्यांची भूमिका साधी होती: मनातलं निवायच्या आत कॅनव्हासवर उतरलं तरच ते खरं. थांबून विचार करायला लागलं की लबाडी सुरू होते.

ही भूमिका एकट्या त्यांचीच नव्हे. अमेरिकी समीक्षक हॅरल्ड रोझेनबर्ग यांनी 1952 मध्ये ‘अॅक्शन पेंटिंग’ हा शब्द रूढ केला. चित्र म्हणजे कृतीचा उरलेला पुरावा, हातवारा म्हणजेच आशय, ही कल्पना तेव्हापासून कलाशाळांत पक्की बसली आहे. गंमत अशी, की त्याच पिढीतले चित्रकार फ्रान्झ क्लाइन यांचे ते एका झटक्यात मारल्यासारखे वाटणारे काळे फटकारे बरेचदा छोट्या रेखाटनांवरून मोठे करून, पांढऱ्या रंगाने कडा दुरुस्त करत, सावकाश रंगवलेले असत. उत्स्फूर्त दिसणं आणि उत्स्फूर्त असणं या दोन गोष्टी आहेत, हे आमच्या चित्रकर्तींनाही ठाऊक होतं. पण त्यांच्या कामात दोन्ही जुळून आलं होतं, त्यामुळे प्रश्न कधी पडला नव्हता.

मग वडिलांचं आजारपण आलं. दोन वर्षं घरीच शुश्रूषा, औषधांच्या वेळा, रात्रीची जागरणं. त्या काळात चित्रं जवळपास बंद होती. वडील गेले तेव्हा आधीच ठरलेलं प्रदर्शन दहा महिन्यांवर होतं.

अडचण

काही आठवड्यांनी त्यांनी काम सुरू केलं, नेहमीच्याच पद्धतीने. रडत रडत, काही वेळा रात्रभर. नऊ-दहा मोठे कॅनव्हास झाले. प्रत्येक वेळी चित्र संपलं की मोकळं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते चित्र परक्याचं वाटायचं.

मी ती चित्रं पाहिली तेव्हा स्पष्ट सांगितलं, की चित्रं म्हणून ती उत्तम आहेत. जोर आहे, रंग जिवंत आहे, रचना डगमगत नाही. पण त्यांत दुःख दिसत नाही. राग दिसतो.

त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, आणि ठेवू नये हे बरोबरच. त्यांनी एक चाचणी घेतली. वडिलांबद्दल काहीच माहीत नसलेल्या काही लोकांना स्टुडिओत बोलावलं. चित्रांना नाव नाही, प्रस्तावना नाही. प्रश्नही ‘यात कुठली भावना दिसते?’ असा नव्हता, कारण तसं विचारलं की लोक परीक्षेला बसल्यासारखे उत्तर शोधतात. प्रश्न होता, ‘याच्यासमोर उभं राहून काय करावंसं वाटतं?’ उत्तरं आली: मागे सरकावंसं वाटतं, कुणीतरी ओरडतंय, वादळ आहे, भांडण झालंय. एकाने ‘नाचावंसं वाटतं’ असंही सांगितलं.

खरा धक्का पुढे होता. त्यांनी या चित्रांत आपलं एक जुनं चित्र मुद्दाम मिसळलं होतं. आयुष्यातल्या अत्यंत आनंदाच्या काळातलं, त्याच मापाचं, जवळपास त्याच रंगांचं. ते वेगळं म्हणून कुणीही उचललं नाही. ‘यातलं एक इतरांसारखं नाही’ असं सांगून शोधायला लावलं, तरीही नाही.

म्हणजे चित्र काढताना कलावंताच्या मनात काय चाललं होतं, याचा पाहणाऱ्यापर्यंत पोहोचलेल्या गोष्टीशी संबंधच नव्हता. पोहोचत होता तो हाताचा वेग, नाइफचा दाब, तिरक्या रेषांची ओढ. इतकी वर्षं त्या जिला ‘थेट’ म्हणत होत्या त्या पद्धतीचा स्वतःचा एक स्वभाव होता, आणि तो खळबळीचा होता. आत आनंद ओता, शोक ओता, बाहेर खळबळच यायची. आधीच्या वीस वर्षांत हे लक्षात आलं नाही, कारण त्यांना रंगवाव्याशा वाटणाऱ्या बहुतेक गोष्टी मुळातच खळबळीच्या होत्या. पद्धत आणि विषय योगायोगाने एकाच वेगाचे होते.

आताची भावना त्या वेगाची नव्हती. शिवाय ती एक भावनाही नव्हती. दीर्घ आजारानंतरच्या मृत्यूत सुटकाही असते, आणि सुटका वाटली म्हणून अपराधीपणा असतो. दोन वर्षं ज्या तासांना काम होतं ते तास अचानक रिकामे होतात. त्या म्हणाल्या, “मला बहुतेक वेळ काहीच होत नाही. रडू येतं ते पंधरा मिनिटं. मी चित्रं मात्र त्या पंधरा मिनिटांचीच काढतेय.” पुढचे सगळे निर्णय या वाक्यावर उभे राहिले.

कुठले पर्याय होते

पहिला पर्याय म्हणजे आहे तसंच पुढे जाणं. चित्रं विकली गेली असती, कुणी तक्रार केली नसती. माझ्या मजकुरात ‘शोकाचा उद्रेक’ असा एखादा शब्दप्रयोग आला असता आणि लोकांनी तो चित्रांवर चिकटवून घेतला असता. हा पर्याय त्यांनी एका वाक्यात नाकारला.

दुसरा, ओळखीच्या वस्तूंकडे वळणं. रिकामी खुर्ची, चष्मा, चपला. त्यांनी कागदावर काही अभ्यासचित्रं केलीही. हातात कौशल्य असल्याने ती चटकन जमली, आणि नेमक्या त्याच कारणाने त्यांना ती खटकली. रिकामी खुर्ची पाहिली की पाहणारा आपल्याकडचा साठवणीतला हुंदका काढून देतो. चित्राला काही करावंच लागत नाही. इथे आमची बरीच चर्चा जर्मन शिल्पकार केटे कोलवित्झ यांच्यावर झाली. त्यांचा मुलगा पेटर ऑक्टोबर 1914 मध्ये युद्धात मारला गेला. त्याच्या स्मारकशिल्पात सुरुवातीला त्या मुलाचाच देह दाखवणार होत्या. ती कल्पना पुढे सोडून दिली, आणि 1932 मध्ये जे शिल्प उभं राहिलं त्यात मुलगा नाहीच. गुडघे टेकलेले आई आणि वडील आहेत, दोघं वेगवेगळ्या चौथऱ्यांवर, स्वतःला मिठी मारल्यासारखे. गेलेल्या माणसाला दाखवायचं की त्याच्या जाण्याने इथे काय उरलं ते दाखवायचं, हा निर्णय व्हायला तिथे वर्षानुवर्षं लागली. आमच्याकडे दहा महिने होते.

तिसरा पर्याय, आकृती सोडून केवळ रंगावर भिस्त ठेवणं. दुःख म्हणजे निळा, हे समीकरण तर तयारच आहे. मित्र कार्लेस कासाजेमास याच्या आत्महत्येनंतर 1901 ते 1904 या काळातली पिकासोंची निळी चित्रं सगळ्यांना माहीत असतात. पण रंग आणि भावना यांची असली कोष्टकं एकमेकांशी जुळत नाहीत. भरताच्या नाट्यशास्त्रात निळा बीभत्स रसाला दिला आहे आणि करुण रसाला कपोत, म्हणजे पारव्याचा करडा. तेव्हा कोष्टकातून रंग उचलायचा नाही, एवढं ठरलं. पुढे चित्रं करडीच झाली, पण त्याचं कारण शास्त्रात नव्हतं, घरातल्या एका भिंतीत होतं.

चौथा, प्रदर्शन पुढे ढकलणं. हा पर्याय मला स्वतःला सर्वांत शहाणपणाचा वाटत होता. नॉर्वेचे चित्रकार एडव्हर्ड मुंक यांची बहीण सोफी 1877 मध्ये क्षयाने गेली, आणि त्या आजारपणावरचं चित्र त्यांनी 1885-86 मध्ये पहिल्यांदा पूर्ण केलं. नंतर कित्येक दशकं ते त्याच विषयाकडे पुन्हा पुन्हा येत राहिले. इतक्या अंतरानंतर पाहिलेलं दुःख वेगळं दिसतं. पण आमच्या चित्रकर्तींना अंतर नको होतं. ‘काहीच होत नाही’ ही अवस्था सहा महिन्यांनी निघून जाईल आणि मग आपण ती आठवून, सजवून रंगवू, अशी त्यांना भीती होती.

उरला पाचवा पर्याय: विषय, रंग, शैली यांच्याही आधी कामाची पद्धतच बदलणं. हात ज्या क्रमाने, ज्या वेगाने, ज्या हत्यारांनी चालतो तो सगळा क्रम नव्याने ठरवणं. वीस वर्षांची सवय मोडायची तर फसण्याची शक्यता सर्वांत जास्त इथेच होती. त्यांनी हाच पर्याय घेतला.

पहिला निर्णय: ब्रश खाली ठेवणं

सहा आठवडे रंगवायचं नाही, असं ठरलं. त्याऐवजी एक वही. वहीत भावना लिहायची नाही, ‘आज फार उदास वाटलं’ वगैरे तर मुळीच नाही. फक्त बाहेरून दिसेल ते लिहायचं: शरीराने काय केलं, नजर कुठे गेली, किती वेळ गेला.

हे त्यांना नाट्यशास्त्रातल्या रससूत्रावरून सुचलं. ‘विभावानुभावव्यभिचारिसंयोगाद्रसनिष्पत्तिः’ हे आपण शाळा-कॉलेजात पाठ करतो आणि सोडून देतो. पण कामाच्या दृष्टीने वाचलं तर त्यात एक रोखठोक सूचना आहे. सूत्रात स्थायीभावाचं, म्हणजे मनातल्या मूळ टिकाऊ भावनेचं, नावच नाही. मनात शोक असणं हे गृहीत धरलं, तरी रस तयार होतो तो कारणं, बाहेर दिसणाऱ्या खुणा आणि येऊन-जाऊन असणारे लहान भाव यांच्या जुळणीतून. नटाने खरंच रडायला हवं असं नाही; खुणा अचूक हव्यात. चित्रकाराला हे जसंच्या तसं लागू होत नाही हे मान्य, पण ‘मला काय वाटतं’ यावरून ‘त्याच्या खुणा काय’ याकडे वळायला त्याचा उपयोग झाला.

त्यांच्या परवानगीने वहीतल्या काही ओळी: ‘दुपारी दोनला उठून उभी राहिले. कशाला ते आठवेना. मग आठवलं, औषधाची वेळ.’ ‘फोन वाजला, उचलला नाही, वाजून थांबला तरी हात तिथेच.’ ‘पलंग परत नेला. भिंतीवर मागची जागा फिकट आहे. बराच वेळ बघत होते.’

पलंगाची ही नोंद पुढच्या आठवड्यांत वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येत राहिली. आजारपणासाठी भाड्याने आणलेला पलंग होता तो. दोन वर्षांत भोवतालची भिंत थोडी काळवंडली होती आणि पलंगाच्या पाठीआड आयत उरला होता, मूळ रंगाचा. वरची कड धुळीने रेघ ओढल्यासारखी, खालची कड अस्पष्ट. मधे जिथे डोकं टेकायचं तिथे एक पुसट तेलकट डाग.

दुसरा निर्णय: ती भिंत

मी हरकत घेतली. खुर्ची नको आणि पलंगाची खूण चालते, हे कसं? तेही प्रतीकच की. त्यांचं उत्तर मला आजही पटतं. खुर्ची ओळखली गेली नाही तर ते चित्र कोसळतं. ही खूण ओळखली गेली नाही तरी चालतं. पलंग होता हे कळायची गरज नाही. इथे काहीतरी होतं आणि आता नाही, एवढं डोळ्यांनी शोधून काढलं तरी पुरे. आणि शोधायला वेळ लागला पाहिजे.

हा वेळ चित्रात आणायचा कसा, हा तांत्रिक प्रश्न झाला. प्रकरणातला हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नाइफ बंद. रुंद, चपटे, मऊ ब्रश. एका दिवशी एकच पातळ थर, आणि तो वाळेपर्यंत त्या कॅनव्हासला हात नाही. ट्यूबमधला काळा पॅलेटवर घ्यायचाच नाही. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) हे एकमेकांना मारणारे रंग मिसळून, त्यात पांढरा घालून करडा करायचा. हे मिश्रण निळ्याकडे झुकलं की करडा थंड होतो, सिएनाकडे झुकलं की ऊबदार, आणि उजळपणा तोच ठेवून हे करता येतं. भिंत आणि तो आयत यांच्यात उजळपणाचा फरक अगदी कमी ठेवला: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दहा पायऱ्या धरल्या तर अर्ध्या पायरीच्याही आतला. उरलेलं काम ऊब आणि गारवा यांच्यावर सोडलं. शेजारी ऊबदार करडा आला की तटस्थ करडाही निळसर भासतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी 1839 मध्ये मांडलेला हाच तो परिणाम, ज्याचा शोध त्यांना गोबलँच्या भित्तिपट विणण्याच्या कारखान्यात धाग्यांच्या रंगांबद्दल आलेल्या तक्रारींतून लागला होता.

इतक्या कमी फरकाचं चित्र चालतं याला आधार होता. अमेरिकी चित्रकार अॅड राइनहार्ट यांनी 1960 पासून पुढे साठ इंची चौरस काळी चित्रं केली. पहिल्या नजरेला ती निव्वळ काळी दिसतात. डोळे स्थिरावले की काळ्याच्या आतले वेगळे काळे आणि त्यांतला क्रूस हळूहळू वर येतो. चकाकी आली तर हे बिघडेल म्हणून त्यांनी रंगातलं तेल काढून टाकलं होतं. आणि आपल्याकडे चित्रकार वासुदेव गायतोंडे आहेतच. रोलर आणि नाइफने थर चढवणारे, पुसणारे, वर्षाकाठी मोजकीच चित्रं करणारे. नाइफ म्हणजे वेग असंच नाही, हे त्यांच्याकडे पाहून कळतं. हत्याराला दोष देण्यात अर्थ नव्हता, पण आमच्या चित्रकर्तींच्या हातात नाइफ आला की हात जुन्या वाटेनेच पळायचा, म्हणून तो दूर ठेवला.

कॅनव्हासचं माप आयताच्या खऱ्या मापावरून ठरलं. खूण जेवढी होती तेवढीच, भोवती थोडी भिंत. छोटं केलं असतं तर ते भिंतीचं चित्र झालं असतं. खऱ्या मापात ते पाहणाऱ्याच्या शरीरासमोर येतं, खांद्याच्या उंचीला.

मधली फसगत आणि तिसरा निर्णय

पहिली तीन चित्रं निर्जीव झाली. नियम सगळे पाळलेले, थर नितळ, करडा सुंदर. आणि समोर उभं राहिलं की भिंत. बस, भिंत. संथपणा म्हणजे आपोआप शोक नाही, जसा वेग म्हणजे शोक नव्हता. इथे त्या जवळजवळ जुन्या पद्धतीकडे परतल्या होत्या.

तोडगा मिळाला तो दोन ठिकाणी. एक, कडा. तोवर आयताच्या चारही कडा सारख्याच मऊ होत्या, कारण मऊ म्हणजे हळवं असं नकळत डोक्यात होतं. वहीतल्या नोंदीकडे परत गेल्यावर लक्षात आलं की प्रत्यक्षात वरची कड कठोर होती. ती तशी केली, खालची जवळजवळ हरवू दिली, आणि चित्राला वजन आलं. नजर वरच्या रेघेवर अडते, मग खाली घसरते, आणि खाली तिला धरायला काही मिळत नाही.

दोन, डोक्याचा तो डाग. तो रंगवला तर कथा सांगितली जाते. नाही रंगवला तर माणूसच नाहीसा होतो. त्यांनी तो रंगवला, न पटून फडक्याने पुसला, पुन्हा रंगवला, पुन्हा पुसला. शेवटी जे राहिलं ते पुसण्याचंच काम होतं: थोडा ऊबदार भाग, फडक्याच्या हालचालीचा पोत असलेला. संपूर्ण चित्रात हाताची हालचाल दिसते ती एवढ्याच जागी. मला विचाराल तर हे चित्र उभं राहतं ते इथे, आणि हे आधी ठरवून झालं नसतं.

मजकुराचा वाद

कॅटलॉगमध्ये आणि प्रदर्शनाच्या भिंतीवर वडिलांचा उल्लेख करायचा की नाही? मी करायच्या बाजूने होतो. चित्रं इतकी अबोल होती की पाहणाऱ्याला दार किलकिलं करून द्यावं, असं माझं म्हणणं. त्यांचं म्हणणं उलट: एकदा ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ असं लिहिलं की लोक मजकुरासमोर हळहळतील आणि चित्रावरून नजर फिरवून पुढे जातील. सगळ्या चाचण्या कशासाठी केल्या मग?

अखेर भिंतीवर काहीच नाही, शीर्षकात फक्त कॅनव्हासचं माप, आणि माझ्या मजकुरात कामाच्या पद्धतीबद्दल लिहिलेलं, कारणाबद्दल नाही असं ठरलं. मला तो मजकूर लिहायला जड गेला, पण वाचायला तो जास्त बरा आहे.

निष्पत्ती

उद्घाटनाच्या संध्याकाळी बहुतेक पाहुणे ओळखीचे होते. त्यांना सगळं माहीत होतं. बरेच जण गहिवरले, आणि गहिवरले ते तीन निर्जीव चित्रांपैकी जे एक जागा भरायला लावलं होतं त्याच्यासमोर, कारण ते दाराजवळ होतं. चित्रकर्तींनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ते चित्र उतरवलं.

नंतरच्या दिवसांत अनोळखी लोक आले. बहुतेकांनी एक फेरी मारून काढता पाय घेतला, हे नाकारण्यात अर्थ नाही. काही मात्र थांबले. कुणी जवळ जाऊन, मग मागे येऊन, मग एका बाजूने पाहत होतं. एका तरुणाने विचारलं, ‘इथे आधी दुसरं चित्र लावलं होतं का?’ त्याला वाटलं की त्याला खोलीच्या भिंतीवरचीच खूण दिसते आहे. एक बाई बराच वेळ उभ्या राहून म्हणाल्या की त्यांना घरी जाऊन एक फोन करायचा आहे. कुणाला, ते कुणी विचारलं नाही.

जुने संग्राहक नाराज झाले. गॅलरीने पुढच्या वेळी ‘रंगीत काम’ आणण्याची विनंती केली. फोनवर काढलेल्या छायाचित्रांत ही चित्रं केवळ राखाडी चौकोन दिसत होती. कॅमेऱ्याने तो अर्ध्या पायरीचा फरक गिळून टाकला होता. त्यामुळे प्रदर्शनाची बातमी दूरवर गेलीच नाही.

दोन चित्रांवर तांत्रिक संकटही आलं. शोषून घेणाऱ्या अस्तरावर (कॅनव्हासला रंगाआधी दिलेल्या लेपावर) पातळ थर दिल्याने काही भागांतलं तेल आत मुरलं आणि तिथे निस्तेज ठिगळं दिसू लागली. एरवी अशा जागी तेलाचा पातळ हात फिरवून किंवा व्हर्निश लावून ते सारखं करतात. पण इथे चकाकी म्हणजे चित्राचा अंतच. शेवटी फक्त मुरलेल्या जागी अगदी थोडं तेल लावून लगेच पुसून घेतलं. दुसरी गोष्ट, अंधाऱ्या कपाटात ठेवलेलं एक चित्र पिवळसर झालं होतं. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं आणि उजेडात ठेवलं की बरंचसं निवळतं. ठळक फरकाच्या चित्रात हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं, इथे आयत आणि भिंत यांचं नातंच बदललं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

जुन्या चित्राची चाचणी वीस वर्षांत कधीतरी आधीच घ्यायला हवी होती, असं त्या म्हणतात. मला त्याबद्दल शंका आहे. पद्धत चालत असताना कुणी तिला तपासत नाही, आणि तपासली असती तर कदाचित ती चांगली चित्रंही झाली नसती.

सहा आठवड्यांचा विराम लांबला असता तर बरं झालं असतं. घाईने ठरवलेल्या नियमांमुळे पहिली तीन चित्रं नियमांचं पालन म्हणूनच झाली. कडांची नोंद वहीत पहिल्या आठवड्यापासून होती. ती पुन्हा वाचायला तीन कॅनव्हास जावे लागले. अस्तराचा नमुना आधी छोट्या तुकड्यावर तपासला असता तर मुरण्याचा त्रासही टळला असता.

प्रदर्शनात जुन्या पद्धतीचं एखादं शोककाळातलं चित्र ठेवायला हवं होतं का, यावर आमचं अजून एकमत नाही. माझ्या मते हो. तो राग खोटा नव्हता, पंधरा मिनिटांचा का होईना, होता. आणि शेजारी संथ चित्र असतं तर दोन्हींना एकमेकांमुळे अर्थ आला असता. त्यांच्या मते तसं केलं असतं तर ते ‘आधी-नंतर’चं प्रात्यक्षिक झालं असतं.

करड्या चित्रांची त्यांनी पुढे मालिका केली नाही. नाइफ परत आला आहे, पण आता काम सुरू करण्याआधी वही उघडते. सध्या त्या भाचीच्या घरी बाळ आल्याच्या आनंदावर काम करत आहेत, आणि ते अधिक अवघड जातंय. संथ पद्धतीने केलं की आनंद गंभीर होऊन बसतो, झपाट्याने केलं की जुनीच खळबळ. लहान कागद, जलरंग, आणि रंग वाळायच्या आत दहा मिनिटांत सोडून द्यायचा, असं काहीतरी चाललं आहे. मागच्या खेपेला दाखवलेल्यांपैकी दोन कागद मला जमल्यासारखे वाटले. त्यांना एकही नाही.